हात वर केल्यावर

रविवारच्या पेंटबॉल सरावात केतकीने हात वर करून "मी आउट!" असं ओरडून सांगितलं, तरीही ऋग्वेदने चार पावलांवरून तिच्या मानेवर रंगाच्या तीन गोळ्या झाडल्या. पिवळा रंग तिच्या कानात, केसांत गेला. मैदानात आडोशाला ठेवलेल्या पिंपांमागून संघातली बाकीची पोरं फिदीफिदी हसली.

प्रशिक्षक वसुधाताई शिट्टी फुंकत धावत आल्या. "तिने हात वर केलेला दिसला नाही तुला?"

"दिसला की! पण ताई, सरावच तर आहे. रंगाने कोण मरतंय?"

ताईंना त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. मागच्या महिन्यात त्याने एका नवख्या खेळाडूला असंच मारलं होतं, तेव्हा त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आता येत्या शनिवारी राज्यस्पर्धा होती आणि त्याच्यासारखा नेम संघात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"बंदूक खाली ठेव. आजपासून तू संघात नाहीस."

हसणं थांबलं. केतकीच घाईघाईने पुढे आली. "ताई, राहू दे ना त्याला. तो नसेल तर आपण हरू. मला नाही एवढं दुखलं."

तिच्या मानेवर तीन लालभडक वळ टरारून फुगले होते. इतकं निमूट सोसायला ही पोरगी आपल्याच मैदानावर शिकली, या विचाराने ताईंच्या तोंडाला कडवट चव आली.

"हरलो तर हरू," त्या म्हणाल्या. "तू खरं सांग."

केतकीने मानेवरच्या वळांवरून बोटं फिरवली. मग ऋग्वेदकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुखलं मला. खूप दुखलं."