किनाऱ्यावर जायची परवानगी

बाबांनी ज्या नौदलाच्या रुग्णालयात नोकरी केली, ते इंग्रजांनी बांधलेलं. आजारी खलाशाला जहाज सोडल्याची रुखरुख लागू नये म्हणून तिथे जमिनीला डेक म्हणत आणि फाटकाबाहेर पडणं म्हणजे किनाऱ्यावर जाणं. इंग्रज गेले, बोली राहिली. निवृत्तीनंतर बाबांनी ती डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आणली. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन ते दारात ताठ उभे राहायचे. "किनाऱ्यावर जायची परवानगी?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आहे! कोथिंबीर विसरलात तर डेकवर झोपाल!" बाबा गेल्यापासून पिशवी खुंटीलाच होती आणि आईने उंबरा ओलांडला नव्हता. मी सांगून थकले. आज मी पोहे परतत असताना मागून आवाज आला, "किनाऱ्यावर जायची परवानगी?" चपला घालून, पिशवी घेऊन आई दारात ताठ उभी होती. "आहे!" मी ओरडले, "कोथिंबीर विसरलीस तर डेकवर झोपशील!"