विहिरीवरचा मुहूर्त

जगन्नाथरावांनी कठड्याशी बूट काढले, मोजेही काढले आणि मिशिगनच्या ऑक्टोबरातल्या थंडीत अनवाणी उभं राहून खड्या आवाजात ‘गंगे च यमुने चैव’ सुरू केलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्वतःचा आवाजही कळत नाही. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांचा मुलगा अतुल हळूच मागे सरकला आणि पार कुंपणापाशी जाऊन उभा राहिला.

चर्चच्या आवारातली ही विहीर कुणा आयरिश पाद्र्यानं बांधलेली. मध्ययुगात तिकडे आयर्लंडात असल्या विहिरींना लोक महिनोन्‌महिने चालत जायचे, दुखरा अवयव त्या पाण्यानं धुवायचे. शेजारणीकडून हे कळल्यापासून बाबांनी धोशा लावला होता. अतुलनं घेऊन दिलेलं कानाचं मशीन मात्र डबीतच. लावतो, एकदा विहिरीवर जाऊन येऊ, म्हणायचे. त्यांचा मशीनपेक्षा पाण्यावर भरवसा, असं अतुलनं ठरवून टाकलं होतं. ट्रॉय गावातल्या घरून त्यांना इथवर आणलं ते कटकट मिटावी म्हणून.

बाबांनी ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावलं, मग कानांना. रुमालानं कान कोरडे केले, पाठ वळवून खिशात काहीतरी चाचपलं आणि कानटोपी ओढून घेतली.

तेवढ्यात अतुलला हाक आली. त्याचा बॉस रायन, आईला व्हीलचेअरवरून घेऊन आलेला. तिच्या गुडघ्यांवरची शाल नीट करत त्यानं हसून विहिरीकडे बघितलं. ते गृहस्थ तुझ्याबरोबर आहेत का, त्यानं विचारलं.

“नो, नो,” अतुल म्हणाला. “आय डोन्ट नो हिम.”

रायन खुर्ची ढकलत पुढे गेला. अतुल वळला, तर मागेच बाबा, बूट हातात घेऊन. बरं झालं, यांना ऐकू येत नाही, असं त्याच्या मनात आलं आणि ते आलं म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत बसल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं नेहमीसारखं ओरडून विचारलं, “बाबा, पडला का फरक?”

“हळू बोल.”

बाबाही हळूच बोलले होते. कित्येक वर्षांत अतुलनं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी कानटोपी काढली. कानात मशीन होतं.

“नवी वस्तू तीर्थाला दाखवल्याशिवाय कशी वापरायची, म्हणून थांबलो होतो.” रिकामी डबी त्यांनी खिशात टाकली. “चांगलं चालतं रे. पहिलं वाक्य तुझंच ऐकलं.”