तोंडी

कार्ड घ्यायला सासूबाईंनी साफ नकार दिला.

"आई, हट्ट करू नकोस. नुसतं हातात धर," मुलगा म्हणाला. तो छापखान्यात कामाला होता. मतांगीकार, म्हणजे आपला विश्वास कशाकशावर आहे हे सांगणारी प्रार्थना, त्याने जाड कागदावर ठळक टायपात छापून आणली होती. "अडलीस तर बघता येईल."

"माझ्या आजीने मला कार्डावरून दिली नाही," सासूबाई म्हणाल्या. "तोंडाने दिली. चुकले की कान पिळायची."

सून बिचारी दोघांच्या मध्ये उभी. पुढच्या महिन्यात तिचा बाप्तिस्मा होता. त्याआधी आज तिला ही प्रार्थना मिळायची होती. या चर्चची रीतच तशी होती. धर्ममातेने, म्हणजे बाप्तिस्म्याला आईच्या नात्याने पाठीशी उभ्या राहणाऱ्या बाईने, सगळ्यांदेखत प्रार्थना म्हणायची आणि बाप्तिस्मा घेणारीने तोंड मिटून ऐकायची. ती परत म्हणून दाखवायची ती थेट बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी. तोवर त्यातला एक शब्दही उच्चारायचा नाही.

तसं ऐकायचं काही राहिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून सासूबाईंना इस्त्री करता करता ही प्रार्थना म्हणताना ती ऐकतच आली होती. पाठ कधीच झाली होती. पण पाठ असणं वेगळं आणि कुणी आपलं माणूस समजून हवाली करणं वेगळं. ते तिला हवं होतं, आणि याच बाईकडून हवं होतं.

पंचाईत एवढीच, की सासूबाईंचं डोकं हल्ली दगा देऊ लागलं होतं. आमटीत दोनदा मीठ पडायचं. सुनेला कधी स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. धर्ममाता म्हणून सासूबाईंऐवजी आपल्या बहिणीला उभं करू, असं मुलाने सुचवलं, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "गॅसला हात लावू देत नाही, किल्ल्या काढून घेतल्या. हे एक तरी माझ्याकडे राहू द्या," एवढंच म्हणाल्या. मग सूनच नवऱ्याशी भांडली, धर्ममाता होतील तर आईच. आता चारचौघांत आईंची फजिती झाली, तर ती तिच्यामुळेच.

फादर आले, तसं मुलाने त्यांनाच मध्ये घातलं. "फादर, तुम्हीच सांगा. सगळं छापलेलं असताना हा तोंडी कारभार कशाला?"

फादर हसले. "तुझ्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण छापखान्याच्या आधी काय होतं? ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं. ऐकणाऱ्यांनी पुढे सांगितलं, आणि त्यांच्यातल्याच काहींनी लिहून ठेवलं. पवित्र ग्रंथ काय आणि परंपरा काय, पाणी एकाच झऱ्याचं. ग्रंथ तो बघ, वेदीवर उघडा ठेवलाय. पण तोही कुणीतरी सांभाळून आपल्या हातात दिला म्हणून आहे, बाबा."

"आणि देणारं माणूसच विसरलं तर?"

फादरांनी घड्याळाकडे पाहिलं. "चला, लोक खोळंबलेत," ते म्हणाले.

वेदीसमोर सासू-सून समोरासमोर उभ्या राहिल्या. सासूबाईंनी सुनेचे दोन्ही हात धरले आणि सुरुवात केली. आवाज ठणठणीत, मागच्या बाकापर्यंत जाणारा. आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्या पित्याची ओळ झाली, त्याच्या पुत्राची झाली, पुत्राच्या आईची झाली. मुलगा पहिल्या बाकावर बसून प्रूफ तपासावं तसा ओळ न् ओळ ओठांत तपासत होता. क्रूस आला. मरण आलं.

"त्याला पुरलं," सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

आधी वाटलं, दम घेतायत. मग त्यांची नजर सुनेच्या चेहऱ्यावर भिरभिरू लागली. "पुरलं," त्या पुन्हा म्हणाल्या. बाकांवर कुणीतरी उगाच खोकलं. नणंद पदर सावरून उठायच्या बेतात होती. मुलाने खिशातून कार्ड काढलंसुद्धा.

पुढची ओळ सुनेच्या अगदी जिभेवर होती. ती म्हटली असती तर आई सुटल्या असत्या, पण घेणारीच देणारी झाली असती, आणि आजपासून सगळ्यांच्या लेखी आई म्हणजे विसरलेली म्हातारी. तिने नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. तो अर्धवट उठलेला, तसाच खाली बसला.

मग ती सासूबाईंच्या जवळ सरकली. शेजारणीने सांगता सांगता बातमी अर्ध्यावर टाकली की विचारावं, तसं तिने विचारलं,

"मग काय झालं, आई?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरची आठी हळूहळू गेली. एवढं साधं कसं ठाऊक नाही हिला, अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"मग काय व्हायचंय? उठला ना तो!"