बंद नोंदीतून निघणारी वाट

तेराव्या दिवशी बाराच्या ठोक्याला शोधाचे सगळे ड्रोन समुद्रावरून परतले आणि किनाऱ्यावरच्या शोधकेंद्रासमोर ओळीत बसले. पायरीवरच्या चंद्राबाई तांडेल ताडकन उठल्या.

"माझा घरवाला अजून पाण्यात आहे, आणि ही यंत्रं आली कशाला माघारी?"

"मावशी, त्यांची नोंद बंद झाली," केंद्रातली सुलभा म्हणाली.

ड्रोन माणसाचं ऐकत नसत. ते नोंदीची अवस्था बघून उडत: हरवला, शोध सुरू, बंद. 'बंद'मधून परत फिरायला वाट नव्हती. अवस्थांचा हा क्रम, हा वर्कफ्लो, सहा वर्षांपूर्वी सुलभानंच प्रोग्रॅम लिहून नोंदींच्या ट्रॅकरमध्ये बसवला होता. शोध किती दिवस, या रकान्यात तिनं सहज तेरा टाकले होते. तेराव्याला घरोघरी सगळं आटोपतंच की!

चंद्राबाईंच्या हातात मात्र हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

सुलभानं तेव्हा वापरलेली तीच जुनी कोडची लायब्ररी उघडली. 'बंद'कडून 'शोध सुरू'कडे जाणारी वाट लिहिली, आणि त्या वाटेची परवानगी केंद्राऐवजी घरच्या माणसाला दिली. तेराचा आकडा पुसून टाकला.

"फक्त यांच्याच नोंदीला लाव," मागून केंद्राचे साहेब म्हणाले. "नाहीतर जुन्या बंद नोंदींच्या घरांनाही 'शोध पुन्हा सुरू करायचा का?' अशी विचारणा जाईल."

"जाऊ दे की."

वाट एकाच नोंद क्रमांकाला लागू करणारी अट तिनं खोडली आणि प्रोग्रॅम चालवला.

चंद्राबाईंनी फोनवर आलेल्या विचारणेवर बोट टेकवलं. एक ड्रोन उडाला. त्या त्याच्याकडे बघत असतानाच दुसरा उडाला. सुलभानं पडद्यावर त्याची नोंद पाहिली. ती सहा वर्षांपूर्वी बंद झालेली, दुसऱ्याच घरची होती.