गाय की म्हैस

"बोल लवकर. गाय लिहू का म्हैस?" उद्धवनं पेनाचं टोपण उघडत विचारलं.

मोरोपंत वकील अकोल्याच्या जठारपेठेतल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात बसले होते. दाढी वाढलेली, समोरचा चहा निवून साय धरलेला. अंगणात त्यांची लँडमास्टर गाडी उभी होती. तिचा पुढचा डावा दिवा फुटला होता आणि त्याखालचा पत्रा आत दबला होता. उद्धव हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र आणि गाडीच्या विम्याचा एजंट. नुकसान मामुलीच होतं. पण कंपनीला कळवायचं म्हटलं तर गाडी कशाला धडकली ते सांगणं आलं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. मोरोपंतांना ते माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या तोंडावर त्यांचे थोरले भाऊ वामनराव अमरावतीला वारले. तेव्हापासून मोरोपंतांच्या आत काही हलतच नव्हतं. घरातले सगळे रडले, हे नुसते बघत राहिले. ज्यांची उलटतपासणी ऐकायला रिकामटेकडे लोक कोर्टात गर्दी करायचे, ते मोरोपंत आता चहा हवा का विचारलं तरी हो म्हणत आणि नको का विचारलं तरी हो म्हणत.

अकोल्याला एका खटल्याची तारीख होती, म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी ते अमरावतीहून एकटेच गाडी घेऊन निघाले. पत्नी सरोजिनीबाई वहिनींच्या सोबतीला मागे राहिल्या. बडनेरा मागे पडलं तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. सणाचा दिवस असल्यानं रस्त्याला वर्दळ होती. फुलं विकून माळिणी उरल्यासुरल्या झेंडूच्या टोपल्या घेऊन परतत होत्या, गुरं परतत होती, सोनं लुटून आलेली माणसं गप्पा मारत चालली होती. पुढं रस्ता रिकामा झाला. समोरून आलेल्या ट्रकच्या उजेडानं मोरोपंतांचे डोळे दिपले आणि डाव्या अंगाला दणका बसला.

ते थांबले, खाली उतरले. मागे नुसती धूळ आणि अंधार. त्यांनी एकदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. कडेच्या तुरीत काहीतरी खसखसलं आणि लांबून गुरांच्या घंटा ऐकू आल्या. गाय असेल, पळाली असेल, असं म्हणून ते परत गाडीत बसले. वाईट वाटायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, पण वाटत मात्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी गाडी धुवायला आला. बाग आणि गाडी दोन्ही त्याच्याकडेच.

"अमरावतीले पूजा जोरात झाली वाटते सायेब," पुंजाजी खाली वाकून म्हणाला. "पुढच्या जाळीत लय झेंडू अडकून राहिला. अन् कुंकू तं असं वाळलं, का घासून घासून निंघून नाही राहिलं."

"हो," मोरोपंत म्हणाले.

"देवाचं फूल मी नालीत नाही टाकत जी. तुळशीपाशी ठेवतो." पुंजाजीनं फुलं ओंजळीत घेतली आणि तो मागच्या अंगणात गेला.

आता उद्धव पेन सरसावून बसला होता.

"गाय नको," मोरोपंत म्हणाले. "वडील देवळात पुराण सांगायचे. त्यांच्या मुलानं गाय उडवली म्हटल्यावर गाव काय म्हणेल?"

"मंग म्हैस लिहितो. म्हशीले कोन रडते?"

"आणि पुढे?"

"पुढे काय? कंपनीचा मानूस जाईन, जागा पाहीन. आजूबाजूच्या गावात विचारीन, कोनाचं जनावर होतं, जगलं का मेलं. मालक भेटला तं त्याले भरपाई देतीन. कायद्याचंच आहे, तुले मी काय सांगू?"

मोरोपंतांनी अंगणातल्या फुटक्या दिव्याकडे पाहिलं. गाय तिथंच तुरीत पडलेली सापडली तर? घरात भावाचं सुतक आणि वर गोहत्येचं पाप. न विचारलं तर निदान ती पळाली असेल असं तरी म्हणता येईल. किती तरी दिवसांनी त्यांना काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

"राहू दे उद्धव," ते म्हणाले. "नको कळवूस. दिवा मी बदलून घेतो."

"काहून बा? हक्काचं सोडून राहिला!"

"राहू दे म्हटलं ना."

उद्धवनं टोपण लावलं आणि निवलेला चहा स्वतःच पिऊन टाकला. जाताना म्हणाला, "म्हशीसाठी एवढा जीव टाकनारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला."

दोन दिवसांनी सरोजिनीबाई आगगाडीनं आल्या. दहाव्याला लागणारी भांडी आणि धोतरजोडी घेऊन त्यांना लगेच परतायचं होतं. मोरोपंतांनी त्यांना सगळं सांगितलं. ट्रकचा उजेड, दणका, घंटा. गायच असावी, दहावं-तेरावं आटोपलं की भटजींना प्रायश्चित्त विचारू, असंही म्हणाले. बोलून त्यांना हलकं वाटलं. सरोजिनीबाईंनी ऐकून घेतलं, "मुकं जनावर बिचारं," म्हणाल्या आणि भांडी काढायला मागच्या अंगणात गेल्या.

थोड्या वेळानं त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुळशीपाशी एवढा झेंडू कुणी ठेवला?"

"पुंजाजीनं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली ना, त्यातला."

"पूजा?" सरोजिनीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सुतकात कुठली पूजा? तुम्ही निघालात तेव्हा मी फाटकाशी उभी होते. अख्ख्या गल्लीत आपलीच एकटी गाडी बिनाहाराची होती."