खाडीकाठची जागा

“पिरॅमिड दाखवतो म्हणालास, आणि हे दगडांचे ढीग दाखवतोस होय रे?” बसमधून उतरता उतरता गिरिजाबाईंनी लेकाला विचारलं.

“ही पण थडगीच आहेत, आई. चार हजार वर्षांपूर्वीची,” प्रकाश म्हणाला.

“थडगीच बघायची तर इजिप्तची बघितली असती. सकाळी विमानाने जायचं, रात्री परत, असं तूच सांगितलेलंस.”

“विमान आता नको.”

आता नको. गिरिजाबाईंनी तेवढं ऐकलं आणि ओठ आवळले. त्यांची शाळा चौथीत सुटली होती, पण माणसाचं तोंड त्यांना वाचता येत होतं.

पोटात दुखलं म्हणून मागच्या आठवड्यात प्रकाशने त्यांना शारजातल्या दवाखान्यात नेलं होतं. सुई बघून त्यांनी हात मागे घेतला, तर ह्याने स्वतःची बाही वर केली. “आधी माझं काढा, सिस्टर. बरेच दिवस तपासायचं राहिलंच आहे. आईची भीती जाईल.”

तेव्हापासून घरातलं वारंच फिरलं. पोरगा दुपारीच ऑफिसातून यायला लागला. आई, काय खावंसं वाटतं? आई, पाय चेपू का? आणि सून मुग्धा, एरवी एकाला दोन ऐकवणारी, ती तोंडाला कुलूप घालून बसली. आज तर बसमध्येसुद्धा डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला नाही. सासूची उस्तवार करावी लागणार म्हणून फुगली असेल. मूल ना बाळ, आणि वर म्हातारीचं आजारपण.

रिपोर्टात काय निघालं ते दोघं सांगत नव्हती. गिरिजाबाईही विचारत नव्हत्या. मरणाला भ्यायला त्या काय लहान होत्या? भीती एकच होती. शेजारच्या बिल्डिंगमधला भिकाजी गेला, त्याला इथेच जाळला आणि राख डब्यात घालून गावी पाठवली. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात, कोणाच्या तरी खजुरांच्या पिशवीशेजारी! गिरिजाबाईंना आपल्या गावची खाडीकाठची जागा हवी होती. नवऱ्याला तिथेच अग्नी दिला होता. आज लेकाकडून वचन घेतल्याशिवाय घरी परतायचं नाही, हे त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं.

“यल्ला, माताजी, इधर आइए,” गाइड सफाने हाक मारली. पोरगी चुणचुणीत होती. डोंगराच्या पायथ्याशी दगडांची लांबट भिंत उरली होती, तिच्याकडे हात करून ती सांगू लागली, “ये पूरे खानदान की कब्र है. नया कोई आता, तो पुरानी हड्डियाँ बाजू में सरका देते.”

“पहले बुढ्ढा लोग जाता होयेंगा ना?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“जो पहले मरे, माताजी. कभी बच्चे भी पहले.”

“मेल्यांना रीतभातच नव्हती,” गिरिजाबाई मराठीत म्हणाल्या.

मुग्धा वळली आणि तडक बसकडे चालू लागली.

“बघ, महाराणींना ऊन लागलं.”

“जाऊ दे तिला, आई.” प्रकाश एका दगडावर टेकला. त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. माझ्या काळजीने वाळला पोरगा, गिरिजाबाईंच्या मनात आलं. त्या त्याच्या शेजारी बसल्या.

“प्रकाश, आडपडदा नको. इथे काही बरंवाईट झालं, तर माणसाला गावी न्यायचं की नाही?”

“सोपं नसतं गं ते. परवानग्या, शिक्के, विमानाची पेटी. ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात. मुग्धाने एकटीने किती धावायचं?”

“मुग्धा कशाला? तू काय बांगड्या भरून बसणार आहेस?”

प्रकाश हसला, पण ते हसू गालावर टिकलं नाही. “इथेही नीट होतं, आई. लाकडं मिळतात. भटजी येतात. आपली माणसं जमतात.”

“तुझी सोय तुझ्यापाशी ठेव! म्हणून आणलंस होय मला इथे? परक्या मुलखातली हाडं दाखवून म्हातारीचं मन वळवायला?”

“वळलं का?”

“नाही वळलं.”

“बाबा गेले तेव्हा तू स्मशानात आली होतीस,” तो हळूच म्हणाला. “आपल्यात बायका येत नाहीत, तरी.”

“आले होते. गावाने नावं ठेवली, ठेवू देत. तू एवढासा, काठी धरताना लटलट कापत होतास. माझा हात होता म्हणून झालं ते.” गिरिजाबाईंचा आवाज चढला. “आता ऐक. मला काय झालंय ते कळायला मला डॉक्टर लागत नाही. लपवू नकोस. फक्त शब्द दे. खाडीकाठी नेशील आणि अग्नी तू देशील.”

प्रकाशने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याचे तळवे थंडगार होते.

“तुला काही झालेलं नाही, आई,” तो म्हणाला. “अग्नी मला तुझ्या हातून हवाय.”