दोन पाटे कमी

"पायरी लावून देतो की," मिस्तरी गाडीखालून म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यासाठी पिकअपचं मागचं अंग खाली कशाला बसवायचं?"

"पायरीवर माझा पाय ठरत नाही," म्हातारी म्हणाली. गॅरेजमधल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर ती बसली होती, दोन्ही गुडघे हातांनी धरून, जणू सोडले तर पळून जातील. "पुढच्या सीटवर गुडघे दुमडले की उलगडतच नाहीत. मागे हौद्यात खुर्ची टाकायची. फाळका उघडला की सरळ बूड टेकता आलं पाहिजे. डॉक्टरकडे आठवड्यातून दोनदा जायचंय मला."

तिचा मुलगा मागच्या चाकाशी उभा होता. बाजारात त्याला सगळे दोनटन म्हणत. एक टनाच्या गाडीत दोन टन फरशा घालून तो चढ चढवायचा. भरणारा तोच, उतरवणारा तोच. त्यासाठी मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जादाचे दोन पोलादी पाटे दहा वर्षांपूर्वी याच मिस्तरीने घातले होते. आता दोनटन नुसता उभा असला तरी दमलेला दिसे.

मिस्तरी बाहेर आला. "नीट ऐक. ते दोन पाटे काढतो, खाली ठोकळा घालतो. चार इंच उतरेल. पण मग फरशी विसर. अर्धा टनसुद्धा जपून."

"मग नेऊ काय?"

"अंडी ने. इस्त्रीचे कपडे ने."

"दोनटनने अंडी न्यायची," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याची बायको पिशवीची चेन उघडून पुन्हा लावत बसली.

"परत पूर्वीसारखी करता येईल?"

मिस्तरीने एकवार त्याच्या बायकोकडे पाहिलं. "नाही. एकदा काढले की बसत नाहीत. भोकं सैल होतात."

हातात कधी पान्हा धरलेला कुणीही यावर फिदीफिदी हसला असता. दोनटन तर पंचवीस वर्षं गाडी चालवत होता. त्याने फक्त मान हलवली.

"पक्कं ना?" त्याने विचारलं.

"पक्कं."

"मग काढा."

नवे बोल्ट आणायला तो पलीकडच्या दुकानाकडे निघाला. रस्ता शंभर पावलांचा. वाटेत विजेच्या खांबाला हात लावून तो दोनदा थांबला. बायको ते बघत राहिली.

तो वळणापलीकडे गेला आणि म्हातारी ताडकन उठली. "मुंग्या आल्या मेल्या पायांना! आजारी माणसं दिवसभर बसतात तरी कशी?" म्हणत तिने चाकावर पाय दिला आणि हौद्यात चढली. "सूनबाई, खुर्ची इथे टाकायची का गं? इथून रस्ता छान दिसेल."

"आई, उतरा! येतील ते एवढ्यात."

"एवढ्यात कसला येतोय! त्याची चाल बघितलीस ना?"



"यांचं हृदय दमलंय म्हणाले डॉक्टर," सून मिस्तरीला म्हणाली. तिचं हे परवा एकदा सांगून झालं होतं, पण पुन्हा सांगितल्याशिवाय तिला राहवेना. "एक पोतंही उचलायचं नाही. यांनी घरी येऊन काय म्हणावं? 'डॉक्टरला काय जातंय बोलायला!' दुसऱ्या दिवशी फरशा भरल्या. माझं रडून झालं, भांडून झालं, तीन दिवस अबोला धरून झाला. स्वतःसाठी नाही ऐकणार ते, भाऊ. आईसाठी ऐकतील."

"जन्मभर खरं बोलले, त्यातलं एक ऐकलं नाही पोराने," म्हातारी फाळक्यावरून खाली उतरत म्हणाली. "म्हटलं, आता खोटं बोलून बघावं."

मिस्तरीला थापेबाजी आवडत नव्हती. निदान कामातली तरी. पण घातलेले पाटे त्याचेच होते. त्याने जॅक चढवला.

दुपारपर्यंत काम चाललं. गंजलेले नट सुटेनात; तेल घालून, ठोकून, शिव्या देऊन ते सोडवले. दोन्ही पाटे जमिनीवर पडले तेव्हा दोनटन त्यांच्याकडे बघत बसला, आणि मिस्तरीला त्याच्याकडे बघवेना. मग जॅक उतरला. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाने मांडी घालावी तशी गाडी खाली बसली.

म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून फाळक्यापाशी नेलं. "आई आई गं," ती इतकं छान कण्हली की सुनेला तोंड फिरवावं लागलं.

"टेकतंय का, आई?" दोनटनने विचारलं.

"टेकतंय रे बाळा. देव तुझं भलं करो."

एक फेरी मारून बघायला मिस्तरी आणि दोनटन दोघंच निघाले. रिकाम्या रस्त्यावर गाडी गप्प चालत होती; मागचा नेहमीचा खडखडाट नव्हता. दुसऱ्या चौकात मिस्तरीला राहवलं नाही.

"दोनटन, तुझ्या आईच्या गुडघ्यांचं एक सांगायचं होतं..."

"परवा लवकर घरी गेलो होतो," दोनटन समोर बघत म्हणाला. "आई स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होती. गाणं म्हणत. मी आल्या पावली बाहेर आलो आणि गल्लीच्या तोंडाशी तासभर बसून राहिलो."

मिस्तरी त्याच्याकडे बघतच राहिला. "मग हे का करू दिलंस?"

"सहा महिने उचलवत नव्हतं. पण तसं म्हणवतही नव्हतं." दोनटनने गाडी हळूच गॅरेजकडे वळवली. लांबून दोघी दिसत होत्या. म्हातारी घाईघाईने खुर्चीत बसत होती. "त्यांना सांगू नका हं, मिस्तरी. दोघींनी फार मेहनत घेतलीय."